बागेचं वाक्य

“एक्सेलमधलं नाव कॉपी करून शोकपत्रात टाका. बाकी मजकूर क्लिपबोर्डच्या यादीत कायमचा ठेवलाय,” बर्गेसाहेब चहा भुरकत म्हणाले.

आठवड्यापूर्वीच दिवंगत नवऱ्याच्या जागेवर लागलेल्या कालिंदीने यादी उघडली. पहिलीच ओळ ओळखीची निघाली: ‘ऑफिसची बाग त्यांनी पोटच्या पोरासारखी जपली.’

घरच्या तुळशीलाही कधी पाणी न घालणाऱ्या नवऱ्याबद्दल ऑफिसने शोकपत्रातून तिला हेच कळवलं होतं. ते वाचून ती ढसाढसा रडली होती. त्याची आठवण म्हणून तिने गॅलरीत बारा कुंड्या लावल्या होत्या.

“साहेब, हे मुळात कुणासाठी लिहिलं होतं?”

“वारलेल्या माळ्यासाठी. राहू द्या, सगळ्यांना शोभतं.”

कालिंदीला त्या चहाच्या भुरक्याचीही शिसारी आली. तिने ते वाक्य यादीतून पुसून टाकलं. पत्र मिळणारी पुढची बाई निदान कुंड्या तरी आणणार नव्हती.