नेटवर्क सापडलं

मुलाखतीला दहा मिनिटं उरली आणि घरच्या वायफायने धाकट्या सुनेला ऐन वेळी दगा दिला. नवऱ्याने राउटर तीनदा बंद-चालू केला, वायर उपसून पुन्हा खोचली. "जरा थापट त्याला," सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सल्ला दिला. शेवटच्या मिनिटाला लॅपटॉप आपसूक जोडला गेला आणि मुलाखत झकास पार पडली.

"बघितलीस माझी करामत?" नवऱ्याने कॉलर ताठ केली.

"कसली करामत? राउटरचा दिवा अजून लालच आहे की!" सासूबाई म्हणाल्या.

सुनेने चमकून लॅपटॉपवर नेटवर्कचं नाव पाहिलं.

वरच्या मजल्यावरच्या मोठ्या जाऊबाईंनी दोन वर्षं अबोला धरला होता, पण पासवर्ड काही बदलला नव्हता.