आपोआप येणारी जाग

शुक्रवार पेठेतले गंगाधरशास्त्री वैद्य प्रत्येक रोग्याला एकच सांगत, "दिवस सूर्याबरोबर चालवा. चाळीस वर्षं झाली, ब्राह्ममुहूर्ताला माझे डोळे आपोआप उघडतात."

बायकोचं तेरावं झालं आणि पहाटेपासून घरात वावरणारे पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा उठले तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं. दुधनीहून औषधाला आलेल्या सारजाबाई ओसरीवर ताटकळत बसल्या होत्या.

"बरं न्हाय का, बुवा?"

"बरं आहे."

"मग येवढा उशीर?"

शास्त्रीबुवा माजघरातल्या जात्याकडे पाहत राहिले. पाळीवर कालचं पीठही नव्हतं.

"आज पहाटे दळणाचा आवाज आला नाही."

सारजाबाईंनीही जात्याकडे पाहिलं.

"मग वैनींना कोण उठवायचं, बुवा?"