महानंदाची हजेरी

"हजर, बाई!" मागच्या बाकावरून आवाज आला. पायल आज आलेली नाही, हे मला माहीत होतं. तिची मैत्रीण तोंड दाबून हसत होती. मी पेन खाली ठेवलं.

मीही हेच करायचे. महानंदा घरचं पाणी भरून उशिरा यायची, म्हणून तिची हजेरी मीच द्यायचे. भूकंपात आमचं गाव गेलं आणि महिन्याभराने पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. गुरुजी नवे होते, हजेरीपट मात्र जुनाच. गेलेल्या पोरांची नावं आली की वर्ग गप्प व्हायचा. महानंदाचं नाव आलं आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर!" गुरुजींनी हजेरीची खूण केली.

महानंदा ढिगाऱ्यात कुठेच सापडली नव्हती. तिचे आप्पा सोलापूरचे दवाखाने धुंडाळत होते. कुणीतरी हजेरीचं सांगितलं, तसे ते धावत शाळेत आले. हातात लाल चपलांचा नवा जोड होता.

"तू तिची मैतरीण ना माय? कुठं बसती माझी लेक?"

मी सतरंजीवरची शेजारची रिकामी जागा दाखवली. त्यांनी तिथे चपला नीट मांडल्या.

"यील मग. हजेरी दिलीय म्हणल्यावर यीलच की."

वर्षभर शाळा सुटताना ते दाराशी उभे असायचे. मी मान खाली घालून त्यांच्या शेजारून जायचे. तो आवाज माझा होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.