वेटोळं

टीव्हीवर शालनताईंचा लेक खांद्यावर मेलेला अजगर घेऊन उभा होता आणि अँकर ओरडत होता, "फ्लोरिडात मराठी वाघाची मृत्यूशी झुंज!" बाहेरून आलेले अजगर तिथली जनावरं-पाखरं फस्त करतात, म्हणून सरकारनेच शिकारीची स्पर्धा ठेवली होती. ताईंनी गल्लीभर पेढे वाटले.

संध्याकाळी लेकाचा फोन आला. "आई, झुंजबिंज काही नव्हती गं. अंड्यांना वेटोळं घालून ऊब देत बसली होती ती. मी जवळ गेलो तरी हलली नाही."

"एकटीच होती का रे?" ताईंनी हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी नागपंचमीला त्यांनी पाटावर चंदनाने नाग-नागीण काढले, आणि शेजारी एक मोठं वेटोळं. त्याच्या आत एकेक पांढरी लाही ठेवली. मग समई जरा जवळ सरकवली.