दर्शनी पडदा

"एक जरी भोक दिसलं, तर पडदा भंगारात," अनंताशेठ म्हणाले. "एलईडी स्क्रीनवाल्याला मी जवळजवळ हो म्हणून बसलोय, बाई."

मुख्याध्यापिका माधवीबाईंनी नुसती मान डोलावली. संस्थेच्या अध्यक्षांशी वाद घालून काही निघत नाही, हे त्यांचं केव्हाच शिकून झालं होतं.

शाळा शंभरीला आली होती आणि स्टेजचा हा दर्शनी पडदा जवळपास तिच्याच वयाचा. भिवंडीच्याच हातमागावरचं जाड कापड, आणि त्यावर शाळेच्या पहिल्या चित्रकला शिक्षकांनी रंगवलेला राजवाडा. कारंजी, मोर, खिडक्या आणि कोपऱ्यात जागा उरली म्हणून काढल्यासारखा एक हत्ती. दर स्नेहसंमेलनात हा राजवाडा वर जायचा आणि नाटक सुरू व्हायचं. माधवीबाईंना त्याचा एवढा अभिमान, की पाहुण्यांना आधी पडदा दाखवायच्या, मग चहा विचारायच्या. येत्या जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. आपल्या हातून पडदा गेला असं व्हायला नको, या काळजीनं त्यांना घास गोड लागत नव्हता.

रंगाचं काम मुंबईहून आलेल्या नेत्राकडे होतं. जुनी चित्रं दुरुस्त करणं हा तिचा व्यवसाय. कापडाचं काम रशिदाकडे. तिच्या घरात लूम चार पिढ्यांचे आणि तिच्या रफूचं नाव सगळ्या भिवंडीत. शिवाय ती आणि माधवीबाई याच शाळेत एका बाकावर वाढलेल्या.

फाटलेल्या जागा पुष्कळ होत्या, पण नेत्रा अडली ती एकाच भोकापाशी. राजवाड्याच्या खालच्या खिडकीत, लिंबाएवढं, चांगलं गोल. तिनं भिंग लावून पाहिलं.

"काठ काळे पडलेत, तेलकट आहेत. हे आपोआप फाटलेलं वाटत नाही, मॅडम."

"उंदीर," माधवीबाई म्हणाल्या.

"हां, उंदीरच," रशिदा म्हणाली. "लय जुना उंदीर हाय."

नेत्रानं दोघींकडे पाहिलं. दोघींचेही चेहरे कोरे होते.

"बाहेरून बघणाऱ्याला काही कळता कामा नये," माधवीबाईंनी रशिदाला बजावलं. "शेठ टॉर्च मारून बघतील."

"बाहेरून कोनाला न्हाय कळनार. पन ते मी एकटी करनार, पाठच्या बाजूनं. तवा मधी कोन नको."

मोठ्या कारागिराचे नखरे सोसावे लागतात. बाकी सगळी रफू आटोपल्यावर रशिदा पडद्यामागे जाऊन बसली ती दिवसचे दिवस. एका भोकाला इतका वेळ कसला लागतो, असं शाळेतल्या शिक्षकांना वाटलं; पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी तिनं नेत्राला हाक मारली. "या खिडकीवर रंग पातल दे गं, बेटा. कापड दुमडलं तर पोपडे निघतील."

नेत्रा मागे जाऊन काम बघून आली. काही न विचारता तिनं रंग कालवले आणि पूर्वी उघड्या असलेल्या त्या खिडकीला बंद दारं रंगवली.

संमेलनाच्या सकाळी अनंताशेठ आले. त्यांनी पडद्यामागे मोठा दिवा लावायला लावला आणि पुढून बारकाईनं पाहिलं. सुईच्या टोकाएवढासुद्धा उजेड आला नाही.

"ते मोठं भोक कुठं होतं?"

"शोधा की," माधवीबाई म्हणाल्या.

शेठनी आधी मोराकडे बोट दाखवलं, मग हत्तीकडे. मग हात पुढे करून ते खिडकी चाचपायला निघाले.

"हात नको, शेठ! वार्निश ओलं आहे."

शेठनी हात मागे घेतला आणि मनापासून हसले. "मानलं. पडदा राहू दे. स्क्रीनवाल्याला मी बघून घेतो."

माधवीबाईंना रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी सभागृह भरू लागलं. कुणी शिफ्टला बदली देऊन आलं होतं, कुणी काल्हेरच्या गोडाऊनमधून तसंच थेट. अनंताशेठनी माइक हातात घेतला. "ही आपल्या भिवंडीची करामत! आता या पडद्यात कुणी भोक शोधून दाखवावं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या रांगेत रशिदानं ओढणी सावरली आणि मान ताठ ठेवून तो मान घेतला. तिला मुळीच संकोच वाटला नाही.

पडद्यामागे लेझीमच्या मुली नटून उभ्या होत्या. त्यांची कुजबुज थांबत नव्हती. एक जण विंगेच्या कडेनं बाहेर मान काढणार, तोच माधवीबाई कडाडल्या.

"कडेनं कुणीही डोकावणार नाही! बाहेर दिसतं ते!"

मुली हिरमुसल्या. मान काढणारीचे डोळे तर भरूनच आले. तिचे बाबा ड्युटी सोडून येतो म्हणाले होते, आणि त्यांचं काही खरं नसे.

पहिली घंटा झाली. माधवीबाईंनी चष्मा काढला, राजवाड्याच्या खालच्या खिडकीपाशी जाऊन वाकल्या आणि रशिदानं कापडाला मागून लावलेलं टिचबटण काढलं. खिडकीची दारं आत उघडली. त्यांनी एक डोळा मिटून दुसरा तिथे लावला. समोर दुसऱ्या रांगेत बसलेल्या रशिदानं खिडकीकडे बघून हात हलवला.

माधवीबाई बाजूला झाल्या.

"चला, रांग लावा," त्या हळूच म्हणाल्या. "एकेकीनं बघून घ्या, कुणाचे बाबा आलेत ते."