चुणचुणीत

मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी आलेली कॉरिन लेकीच्या, ग्रेटाच्या प्रगतिपुस्तकात एकच शब्द शोधत होती. ऑक्टोबरच्या रकान्यात तो होता: चुणचुणीत. मार्चच्या रकान्यात नव्हता. तिला हायसं वाटलं.

समोर बसलेल्या ग्रेटाच्या बाईंची, मिस हेडलुंडची, तिला कीवच यायची. तेवीस वर्षांची पोर, नोकरीचं पहिलं वर्ष, स्वेटरवर लोकरीचा ससा. कॉरिनने स्वतः डुलुथ शहरातल्याच दुसऱ्या बालवाडीत शिकवण्यात नऊ वर्षं काढली होती. शेऱ्यांची भाषा तिला कुणी शिकवायला नको होती. गोडबोल्या मिनेसोटात पालकांना तोंडावर वाईट कोण सांगतं? चावऱ्या मुलाला ‘मनमोकळा’ लिहायचं. हट्टी पोरीला ‘स्वतंत्र बाण्याची’. आणि जो बाईंना वात आणतो, पुढल्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात बांधायचा असतो, तो ‘चुणचुणीत’. कॉरिनने तो शब्द किती पोरांना असाच चिकटवला होता.

म्हणून ग्रेटाच्या नावापुढे तो दिसला, त्याच संध्याकाळी ती कामाला लागली. जिन्यावरून उड्या बंद. जेवताना गाणं बंद. रोज सकाळी बर्फातले बूट चढवताना एकच पालुपद: हात मांडीवर, तोंड मिटलेलं. अगं, बाईंनी कौतुक केलंय पोरीचं, असं नवरा एकदा म्हणाला. कॉरिनने त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारा पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

“बघा, या वेळी चुणचुणीत लिहायची वेळ आली नाही तुमच्यावर,” कॉरिन म्हणाली.

मिस हेडलुंड गोंधळली. “लिहू कशी? आता ती सुट्टीतसुद्धा बाकावरून उठत नाही. ऑक्टोबरात घंटा झाली की सगळ्यांच्या आधी दाराशी असायची. मला इतकं आवडायचं, म्हणून तर लिहिलं होतं. घरी काही झालंय का हो?”

काही नाही, असं पुटपुटत कॉरिन उठली. उठताना ती बुटकी खुर्ची कलंडली.

ग्रेटा बाहेर बाकावर बसली होती. हात मांडीवर, तोंड मिटलेलं. समोर लांबच लांब, रिकामा व्हरांडा.

“ग्रेटा, पळ बरं दारापर्यंत. बघू किती जोरात पळतेस.”

ग्रेटा उठली. हात अंगाशी धरून, एकेक पाऊल मोजून टाकत दारापर्यंत गेली. मग तिने वळून आईकडे पाहिलं, बरोबर जमलं का म्हणून.