मोठा कोर्स

“दोन वर्षांचा एएनएम की तीन वर्षांचा जीएनएम?” नर्सिंग शाळेतल्या क्लार्कबाईंनी विचारलं.

हर्षदा गडबडली. सासूबाईंच्या आजारपणात दवाखान्यात राहिली, तेव्हापासून तिला नर्सच व्हायचं होतं. त्यासाठी तिनं आपलं ब्युटी पार्लर बंद केलं, पण पस्तिशी आली होती आणि प्रवेशाची वयोमर्यादाही तीच. यंदा नाही तर कधीच नाही. घर सांभाळायचं म्हणून तिनं छोटा कोर्स ठरवला होता. मनात मात्र मोठाच होता.

“तीन वर्षांचा लिहा,” मागून सासूबाई म्हणाल्या.

“आई, घरचं कोण बघणार?”

“मी. अंथरुणातून उठवून उभं केलंस ते काय नुसतं बसायला?”

हर्षदाचे पाय जमिनीवर ठरेनात. परत येताना रिक्षात दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळत होत्या. न राहवून सासूबाईंनी म्हाताऱ्या रिक्षावाल्याला सांगूनच टाकलं, “आमची सून नर्स झाली.”

म्हाताऱ्यानं लगेच रिक्षा कडेला घेतली आणि पँट वर सारली. “बरं झालं. ताई, हा गुडघा बघा जरा.”

हर्षदाला हसू आवरेना. “मामा, अजून शिकायचंय. तीन वर्षं लागतील.”

“लागू देत की,” तो म्हणाला, “गुडघा काय पळून जातोय व्हय?”